फिनेल मावशीची भाजलेली माती

फिनेल मावशी भर दुपारी दफनभूमीत जाते, नवऱ्याच्या कबरीवरची माती बादलीत भरते, घरी आणून ती तव्यावर भाजते आणि डुकरांच्या पिलांना चारते. म्हणून तिची पिलं अशी गाजरासारखी लालबुंद.

ही बातमी पहिल्यांदा फोडली शिंपीणबाईंनी. फोडताना त्यांनी गळ्याला हात लावून शपथसुद्धा घेतली. शिंपीणबाईंची बातमी खोटी नसायची, पण त्यांच्या शिवणीसारखीच असायची. पुढेमागे सैल करायला आत थोडं कापड नेहमी दाबलेलं. संध्याकाळपर्यंत गल्लीनं ते कापड सगळं उसवून सोडलं. कुणी म्हणालं, नुसती माती नाही, हाडंही असतात. कुणी म्हणालं, चेटूकच ते. आणि ज्यांना चेटकात रस नव्हता त्यांनी कबर खणणाऱ्या कबरवाल्याचं आणि मावशीचं जमवून टाकलं, कारण त्याच्या खोपटाला हल्ली फिनेलचा वास यायला लागला होता. हे शेवटचं, खरं सांगायचं तर, सगळ्यांत चवीनं चघळलं गेलं.

आता मावशी कोण ते सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल.

मावशी सरकारी इस्पितळात आया होती. उभं आयुष्य फरशी पुसण्यात गेलं, आणि घरी आल्यावर माणसं कामाचे कपडे काढून ठेवतात तसं तिनं ते काम कधी काढून ठेवलं नाही. तिच्या घरी पाहुणा आला तर दारातच पाय धुवायचे, तेही तिच्या नजरेखाली. टाच राहिली तर परत. साबण वापरण्याआधी ती साबण धुऊन घ्यायची. मांजर पाळलं होतं, ते तिसऱ्या आंघोळीनंतर समोरच्या बेकरीत राहायला गेलं. नवरा बिचारा गरीब स्वभावाचा. तो सर्दीनं गेला असं डॉक्टर म्हणाले. आंघोळीनं गेला असं तिची थोरली जाऊ म्हणायची.

ही थोरली शेजारच्याच घरात. मधे एक सामाईक परस, तोही वाटण्या न झालेला. थोरलीला तिथे एक छत टाकून वेताच्या खुर्च्या मांडायच्या होत्या आणि चार बायकांना बोलावून दुपारी बसायचं होतं. मावशीला काय हवं होतं ते तिलाच निवृत्त होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

निवृत्त झाली आणि हात रिकामे पडले. महिन्याभरात तिनं स्वतःच्या घराच्या भिंती घासघासून रंग उतरवला. मग थोरलीनं डोकं चालवलं. "तुला करमत नाही ना ग? मग माझ्याकडची फरशी पुसत जा. तेवढाच तुला विरंगुळा." चार दिवस मावशीनं पुसलीही. पाचव्या दिवशी थोरली खुर्चीवरून न उठता म्हणाली, "तिकडे कोपऱ्यात राहिलं बघ." मावशीनं फडकं पिळलं, बादली उचलली आणि तडक इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेली. तिथे मागच्या बाजूला उरल्यासुरल्या अन्नावर पोसलेल्या डुकरिणी असायच्या. निरोपाच्या वेळी तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. ते परत करून तिनं एक गाभण डुकरीण मागून घेतली.

"घड्याळाचं काय करू?" ती आचाऱ्याला म्हणाली. "धुताही येत नाही."

डुकरीण परसात आली तेव्हा थोरलीनं जो आरडाओरडा केला तो ऐकून डुकरीणसुद्धा गप्प झाली. शेवटी थोरलीचे यजमान, म्हणजे मावशीचे भाऊजी, मधे पडले. भाऊजी टपाल खात्यातून निवृत्त झालेले, अबोल, आणि बायकोच्या बाजूनं निकाल द्यायची सवय असलेले. पण त्या दिवशी बहुतेक जेवण बरं झालं नसावं. ते म्हणाले, "हे पहिलं वेत, म्हणजे आता होतील ती पिलं, व्यापाऱ्याच्या गाडीत चढलं, तर परस धाकटीचा. नाही चढलं, तर डुकरीण हाकलायची आणि खुर्च्या मांडायच्या. बास."

"आणि फरशी?" थोरलीनं विचारलं.

"तीही मग धाकटीच पुसेल," भाऊजी म्हणाले. सवय अशी एकदम सुटत नाही.

तर असं सगळं त्या एका वेतावर येऊन ठेपलं. एकीकडे स्वतःचा परस, दुसरीकडे जन्मभर जावेच्या घरचा कोपरा.

मावशीनं शेड बांधली ती बघायला माणसं यायची. गुळगुळीत सिमेंट, पाण्याला उतार, जाळीची मोरी. सकाळ-संध्याकाळ धुलाई. डुकरिणीला ती 'बाईसाहेब' म्हणायची आणि ब्रशनं घासायची. बाईसाहेब पहिले काही दिवस लोळायला चिखल शोधत फिरल्या, मग त्यांनी नशीब मान्य केलं.

पिलं झाली. गुलाबी, गुबगुबीत, लुचायला धडपडणारी. मावशीनं एकेकाला ओल्या फडक्यानं पुसून आईला लावलं. आठवडा गेला आणि पिलांचा रंग उतरू लागला. कान पांढरे, नाकं पांढरी. मावशी खूश! तिला वाटलं, आपल्या धुण्याला यश येतंय.

मग ती लुचायची थांबली. चार पावलं टाकली की धापा. एक पिलू सकाळी उठलंच नाही.

थोरली कुंपणावरून डोकावली. "अगं बाई, रंगच धुऊन काढलास की तू त्यांचा!"

 मावशीनं पदरानं हात पुसले आणि ती गुरांच्या डॉक्टरांना बोलवायला गेली. आता ही बाई पदराला हात पुसते म्हणजे प्रकरण किती गंभीर, ते समजा.

गुरांचे डॉक्टर अंगानं भरलेले, कायम घाईत. त्यांना शेडच्या दारात पाय धुवायला लावलं तिथेच ते तापले. पिलाची पापणी उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "रक्तच नाही. लोह कमी पडलंय. सगळ्यांना एकेक सुई देतो, उभी राहतील." खिशातून त्यांनी सुई काढली. शर्टाच्या खिशातून, पेनाच्या शेजारून.

मावशीनं हात आडवा घातला. "सुई उकळलीय का?"

"कालच उकळली."

"मग काल टोचायची होती."

"बाई, डुकरं आहेत ही! ऑपरेशनला आलेली नाहीत!"

"माझ्या वॉर्डात एकाला अशाच खिशातल्या सुईनं एवढं गळू झालं होतं," मावशीनं मूठ दाखवली. "साहेबच होता तो. डुकरासारखं टोचून घेतलंन म्हणून डुकराइतका ओरडत होता. माझ्या पोरांना खिशातली सुई लागणार नाही."

डॉक्टरांनी सुई पेनाशेजारी परत ठेवली. "मग माती खायला घाला!" असं ओरडले, आणि क्षणभर थांबून म्हणाले, "खरंच घाला. चेष्टा नाही करत. आईच्या दुधात लोह नावाला असतं. मोकळ्यावरची पिलं माती उकरतात, चाटतात, त्यातून भागतं त्यांचं. तुमच्याकडे उकरणार काय, सिमेंट? रोज ओंजळभर लाल माती ठेवा पुढ्यात."

"माती?" मावशीनं विचारलं. विष, असं कुणी म्हटलं असतं तरी तिचा आवाज एवढा बारीक झाला नसता.

"माती. पण डुकरं फिरतात तिथली नको. जंतांची अंडी घरात आणाल आणि उपाशी बरी होती म्हणायची पाळी येईल."

डॉक्टर गेले. मावशी पिंप उपडं घालून त्यावर बसून राहिली. ज्या वस्तूशी जन्मभर वैर केलं, जी उंबऱ्याबाहेर ठेवण्यासाठी नवऱ्याला दिवसातून तीनदा बादलीखाली उभं केलं, ती आता स्वतःच्या हातानं आत आणायची. आणि थोरलीनं पाहिलं म्हणजे? फिनेलवालीच्या घरात माती! आत पिलांची धाप ऐकू येत होती. मावशी उठली.

डुक्कर फिरलेलं नाही अशी जागा शोधायची, ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नव्हती. आमच्याकडची मोकाट डुकरं सरकारी माणसांसारखी. जिथे कामाची नाहीत तिथे हमखास हजर. बाजारामागे ती, शाळेच्या मैदानात ती, ओढ्याला तर त्यांचीच वसाहत. सगळ्या वस्तीत धड भिंत आणि लोखंडी फाटक असलेली जागा एकच. दफनभूमी.

कबरवाला फाटकाशी बसून फावड्याची धार बघत होता.

"भाऊ, थोडी माती मिळेल का?"

"वेळ आली की सगळ्यांनाच मिळते, मावशी. तुम्हाला कसली घाई?"

"मला नको, लेकरांना हवी. चार पायांच्या. आणि वरवरची नको, खोल खणून दे. वरच्या मातीला पाय लागलेले असतात."

"कुणाचे? इथे येणारे बहुतेक उचलून आणलेले असतात."

पण माणूस भला होता. पलीकडच्या भिंतीलगत एक कोपरा होता, तिथे अजून कुणाची सोय लावलेली नव्हती. तिथे कमरेइतकं खणून त्यानं खालची लाल, घट्ट माती काढून दिली. मावशीनं बदल्यात फिनेलची बाटली दिली. त्याला ती कशासाठी हे कळेना, पण देणारीचा चेहरा बघून त्यानं त्याच दिवशी खोपटं पुसून काढलं. इश्काचा पुरावा म्हणून पुढे गल्लीनं जो वास दाखल केला, तो हा.

मावशी दुपारी जायची, कारण दुपारी थोरली घोरायची. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बादली, बादलीवर इस्त्री केलेला पांढरा रुमाल. घरी आली की दारं-खिडक्या बंद. मग ती माती मलमलच्या कपड्यातून चाळायची, एकदा, दोनदा. मग तव्यावर मंद आचेवर भाजायची, सतत हलवत, खाली लागू न देता. गार झाली की बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. पिलांना ती जमिनीवर टाकली नाही. स्टीलच्या ताटात वाढली. आणि खाऊन झालं की सगळ्यांची तोंडं पुसली.

दोन-चार दिवसांत पिलांच्या कानांत लाली आली. मग नाकांत. मग ती एकमेकांना ढुशा देत, आईच्या अंगावरून उड्या मारत धावायला लागली, आणि ताट दिसलं की अशी तुटून पडायची की मावशीला नवऱ्याचीसुद्धा कधी अशी भूक बघितल्याचं आठवेना.

समोरच्या खिडकीतून शिंपीणबाईंनी काय पाहिलं असेल? दफनभूमीच्या फाटकातून बाहेर पडणारी विधवा, झाकलेली बादली, बंद दारं, चिमणीतून धूर, तापल्या विटेसारखा वास, आणि लाल होत जाणारी पिलं. मी म्हणतो, एवढ्यावर जिनं शपथ घेतली नसती ती बाई कसली!

थोरली कुंपणाशी आली. "धाकटे, लोक म्हणतात तू चेटूक करतेस."

"म्हणू देत."

"कबरवाल्याचंही नाव घेतात."

"घेऊ देत. चांगला माणूस आहे."

"आणि म्हणतात, तुझ्या घरात माती असते."

"कोण म्हणतं?" मावशी ताडकन उठली. हातातला ब्रश थेट थोरलीच्या नाकासमोर. "कोण म्हणतं माझ्या घरात माती असते? ये, बोट फिरवून बघ! ये!"

थोरली मागे सरली, पण तिला जे हवं होतं ते कळलं. धाकटीला चेटकीण म्हटलेलं चालतं. घाण म्हटलेलं चालत नाही. 'माती आणते, पण पिलांच्या औषधाला,' या एका वाक्यात सगळी कुजबुज बंद करता आली असती आणि तेच वाक्य ही बाई मरेस्तोवर उच्चारणार नव्हती. हे हत्यार थोरलीनं जपून ठेवलं.

पिलांचं दूध तुटलं, ती भरड खायला लागली. आता वाढीचं वय. डॉक्टर पाय धुऊन आत आले (आता न सांगता धुवायचे) आणि म्हणाले, "मातीचं काम संपलं. आता हाडं भरायचीत. मका नि पेंडीत चुना फार कमी असतो. ही चुनखडीची पूड, हे मीठ, आणि हे खनिजांचं तपकिरी मिश्रण. भरडीच्या पोत्याला एवढंच. जास्त नको."

तपकिरी मिश्रण मावशीला आवडलं नाही, रंगच संशयास्पद. पण चुनखडी! पांढरीशुभ्र, मऊ, भिंतीला लावावी तशी. तिला वाटलं, ही पोटात जाईल तेवढं आतून स्वच्छ होईल. भिंत पांढरी होते, मग आतडं का नाही? तपकिरीला चिमूट आणि पांढरीला ओंजळ, असा तिनं आपला हिशेब लावला.

थोड्याच दिवसांत पिलांच्या पायांवर, पोटाखाली, कानांमागे खपल्या धरल्या. झाडाच्या सालीसारखी कातडी. मावशीनं घासलं, तर आणखी वाढलं. वाढ थांबली. थोरलीनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "कबरीतल्यांचा तळतळाट! भोवणारच होता!" आणि खुर्च्यांचं माप घ्यायला खुर्चीवाल्याला बोलावलं.

डॉक्टरांनी एक नजर टाकली. "पांढरी पूड किती घालता?"

मावशीनं ओंजळ दाखवली.

डॉक्टर डोकं धरून बसले. "बाई, चुना जास्त झाला की जस्त अंगाला लागत नाही. जस्त नाही म्हणून कातडी अशी. हाडांना दिलंत ते कातडीकडून काढून घेतलंत! पांढरं म्हणजे चांगलं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळं इस्पितळ पांढरं असतं," मावशी पुटपुटली.

"म्हणून तर लोक तिथे मरतात!"

आयुष्यात पहिल्यांदा मावशीला कुणीतरी स्वच्छतेवरून बोललं आणि तिनं ऐकून घेतलं. डॉक्टरांनी जस्ताची पूड दिली. तीही पांढरीच निघाली. मावशीनं ती हातात घेऊन बराच वेळ अविश्वासानं पाहिली. त्या दिवसापासून औषध पाजायच्या चमच्यानं काठोकाठ, वर बोटानं सपाट करून, सगळं मोजून. तपकिरीसुद्धा. खपल्या गळल्या, खालून मऊ कातडी आली, आणि डुकरं अशी फुगली की शेडचं दार रुंद करावं लागलं.

व्यापाऱ्याची गाडी आली त्या सकाळी परसात पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊजी खुर्चीवर, शिंपीणबाई कुंपणावर, थोरली ठेवणीतलं लुगडं नेसून, शेजारी तिनं बोलावलेला खुर्चीवाला. डुकरं आंघोळ करून, कान पुसून रांगेत. व्यापाऱ्यानं एकाची पाठ दाबली, पाय बघितले, शीळ घातली. "सरळ पाय. भरलेली पाठ. सगळी घेतो."

थोरलीनं हत्यार काढलं. "घ्या की. पण कबरीतली माती खाऊन वाढलीत, तेवढं गिऱ्हाइकाला सांगा."

व्यापाऱ्याचा हात पाठीवरून निघाला. तो मावशीकडे बघायला लागला. "हे खरं का, बाई?"

मावशीनं जवळच्या डुकराचा पुसलेला कान पुन्हा पुसला.

"बोला. असलं काही असेल तर माझ्याकडून कुणी तुकडा घेणार नाही. गाडी परत नेतो मी."

कबरवाला परसाच्या फाटकाशी उभा होता, तो पुढे झाला. "रिकाम्या कोपऱ्यातली आहे हो ती. तिथे अजून कुणी..."

"ह्याला काय विचारता?" थोरली म्हणाली. "हा तर घरचाच!" शिंपीणबाई कुंपणावरून पडता पडता राहिल्या. थोरली मग धाकटीकडे वळली, आणि आवाज मधासारखा करून म्हणाली, "सांग ना ग. घरात माती नव्हतीच, असं सांग, म्हणजे मिटलं. का होती?"

मावशीच्या तोंडावर एक रंग येई, एक जाई. तिनं डुकरांकडे पाहिलं, शेडकडे पाहिलं, मग थोरलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्या फरशीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. आणि वळून घरात गेली. थोरलीनं खुर्चीवाल्याला खूण केली.

मावशी बाहेर आली ती बिस्किटांचा डबा घेऊन. झाकण उघडलं. आत मैद्यासारखी मऊ, लाल, चाळलेली, भाजलेली माती.

"होती," ती म्हणाली.  "माझ्या घरात माती होती. मीच आणली. पण दोनदा चाळलेली आहे आणि तव्यावर भाजलेली आहे, आणि ह्या वस्तीतल्या कुणाच्या घरचं पीठ एवढं स्वच्छ नसेल. रेव लागली तर सांगा!" आणि तिनं चिमूटभर स्वतःच्या जिभेवर टाकली.

 तिनं डबा थोरलीपुढे धरला. थोरली दोन पावलं मागे. व्यापाऱ्यापुढे धरला, तो म्हणाला, राहू दे, राहू दे. मग भाऊजींपुढे आला. भाऊजी टपाल खात्यातले, समोर आलेलं काही परत पाठवायचं नाही अशी सवय. त्यांनी बोट बुडवलं, चाटलं, डोळे मिटून विचार केला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"मीठ वेगळं देते," मावशी गंभीरपणे म्हणाली. "मोजून."

आधी व्यापारी हसला, मग कबरवाला, आणि शिंपीणबाई तर ह्या वेळी खरोखरच पडल्या. व्यापारी डोळे पुसत म्हणाला, "मी बायकोच्या हातचं खातो, त्यातसुद्धा ह्याहून जास्त माती असते. चढवा रे गाडीत!" डुकरं चढली. भाऊजी उठले, खुर्चीवाल्याला म्हणाले, "तू जा बाबा. परस धाकटीचा." आणि स्वतः मोरीवर जाऊन तीनदा चूळ भरली.

मावशीनं पुढे कित्येक वर्षं वेतामागून वेत काढलं. डॉक्टरांनी नंतर नवी, बंद पुडीतली सुई आणायला सुरुवात केली, तरी ती मातीच देत राहिली. थोरली वर्षभर बोलली नाही. मग एकदा कुंपणाशी येऊन हळूच म्हणाली, "माझी सून फार पांढरीफटक दिसते ग. तुझ्या त्या डब्यातली चिमूटभर...?"

"तिला डॉक्टरकडे ने," मावशी म्हणाली. "आणि आधी तुझी फरशी तिच्याकडून पुसून घेणं बंद कर."

पण नवऱ्याच्या कबरीची ती गोष्ट काही मेली नाही. मावशी गेल्यावरही लोक ती सांगतात, हाडं घालून सांगतात. खरं ते असं.

डुकरिणीच्या दुधात लोह फार थोडं असतं. सिमेंटवर वाढणाऱ्या पिलांना ते दुसरीकडून मिळालं नाही तर ती पांढरी पडतात आणि मरतात. मावशीला खिशातली सुई नको होती, म्हणून तिनं माती दिली. डुकरं फिरत नसलेली जागा दफनभूमी एवढीच होती. माती भिंतीलगतच्या रिकाम्या कोपऱ्यातली होती. नवऱ्याची कबर दुसऱ्या टोकाला होती, आणि तिथली माती तिनं कधी उचलली नाही. ती कबर फक्त दर आठवड्याला धुवायची.